मुखपृष्ठकारासोबत काम करताना : लेखकासाठी मार्गदर्शन

मराठी पुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांत प्रकाशक, मुद्रक आणि अक्षरजुळणी करणारा यांच्या नावांसोबत ‘मुखपृष्ठ’ असा शब्द आणि त्यापुढे एका चित्रकाराचे नाव छापलेले आढळते. ही प्रथा चांगली आहे, कारण मुखपृष्ठ हे स्वतंत्र कर्तृत्व असल्याचे तीत मान्य केलेले आहे. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांच्या (१९१६–१९७१) काळापासून मराठी वाचक मुखपृष्ठकाराला नावानिशी ओळखत आला आहे, आणि कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी रेखलेले नाटकाचे नाव वर्तमानपत्रात दिसले की ते कोणाच्या हातचे हे जाणकारांना सांगावे लागत नसे. तरीही स्वतःचे पुस्तक छापायला जाते तेव्हा या माणसाशी काय बोलावे, काय बोलू नये आणि कोणती गोष्ट लेखी ठेवावी, हे बहुतेक लेखकांना कोणी सांगितलेले नसते. परिणामी लेखक एकतर सगळे प्रकाशकावर सोपवून मोकळा होतो, किंवा मनातले चित्र हुबेहूब काढून द्यावे असा आग्रह धरतो. दोन्ही मार्गांनी पुस्तकाचे नुकसान होते. लेखकाने मुखपृष्ठकाराला चित्र सांगू नये, पुस्तक सांगावे, असे माझे मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच मताला धरून आहेत.

आधी अधिकार कोणाचा ते पाहावे

पुस्तक प्रकाशनसंस्थेमार्फत निघत असेल तर मुखपृष्ठाचा अंतिम निर्णय सहसा प्रकाशकाकडे असतो आणि मानधनही तोच देतो. करारात तसे कलम आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे, आणि ‘मुखपृष्ठ अंतिम करण्यापूर्वी लेखकाशी विचारविनिमय केला जाईल’ एवढे वाक्य त्यात घालण्याची विनंती करावी. बहुतेक प्रकाशकांना यात वावगे वाटत नाही. प्रकाशकाने चित्रकार नेमला असेल तर संपादकाला अंधारात ठेवून चित्रकाराला परस्पर दूरध्वनी करू नये. दोन बाजूंनी दोन वेगळ्या सूचना गेल्या की काम रखडते आणि त्याचा ठपका चित्रकारावर येतो.

पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकाला निवडीपासून छपाईपर्यंत सगळे स्वतःच पाहावे लागते. मुखपृष्ठकार शोधताना आपल्याला आवडलेल्या आठ-दहा पुस्तकांची श्रेयपाने उघडून नावे टिपून घ्यावीत, आणि त्यातील प्रत्येकाची निदान पाच-सहा मुखपृष्ठे एकत्र ठेवून पाहावीत. ज्याची सर्व मुखपृष्ठे एकमेकांसारखी दिसतात तो आपल्याही पुस्तकाला तेच रूप देईल, हे गृहीत धरावे. ते रूप हवे असेल तर काहीच अडचण नाही. ज्याची मुखपृष्ठे पुस्तकागणिक बदलतात तो हस्तलिखित वाचून काम करत असण्याची शक्यता अधिक. पहिल्या भेटीत विचारण्याजोगा सर्वांत उपयुक्त प्रश्न म्हणजे, ‘आपण पुस्तक पूर्ण वाचता की सारांशावर काम करता?’ सारांशावर काम करणे हा दोष नाही; मानधन आणि वेळ पाहता पुष्कळांना तसेच करावे लागते. मात्र मग सारांश फार विचारपूर्वक लिहिला पाहिजे.

दोघा-तिघांकडून फुकट नमुने मागवून त्यातला एक निवडण्याचा प्रकार टाळावा. जो चित्रकार गंभीरपणे काम करतो तो अशा स्पर्धेत उतरत नाही, आणि जो उतरतो तो पुस्तक न वाचता नमुना पाठवतो.

काम सुरू करण्याची योग्य वेळ म्हणजे संहिता पक्की झाल्यानंतर आणि पहिली मुद्रिते हातात येईपर्यंतच्या मधली. त्याआधी सुरुवात केली तर शीर्षक बदलण्याचा धोका राहतो. फार उशीर केला, आणि प्रकाशन समारंभाची तारीख व पाहुणे ठरल्यावर मुखपृष्ठाची आठवण झाली, तर चित्रकाराला विचार करायला आठवडाही उरत नाही. पहिल्या बैठकीपासून अंतिम फाइलपर्यंत सहा ते आठ आठवडे मिळाले तर काम शांतपणे होते.

टिपण : सगळे काम येथे ठरते

चित्रकाराला द्यायचे टिपण दोन पानांहून मोठे नसावे, पण ते लिहायला दोन-तीन दिवस घ्यावेत. त्यात पुस्तकाचा सारांश शेवटासह द्यावा. रहस्य फुटेल म्हणून शेवट लपवणारे लेखक भेटतात, परंतु चित्रकार हा वाचक नव्हे. कथेचे वळण माहीत नसेल तर तो नकळत तेच वळण मुखपृष्ठावर उघड करून बसण्याचा संभव असतो. सारांशासोबत पुस्तकातले तीन उतारे जोडावेत : एक सुरुवातीचा, एक असा की ज्यात पुस्तकाचा स्वर सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, आणि एक ज्यात वस्तू, जागा, कपडे, हवा यांचे बारीक वर्णन आहे. भाववाचक विशेषणांपेक्षा हा तिसरा उतारा चित्रकाराला अधिक देतो. ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तववादी’, ‘अंतर्मुख करणारी’ या शब्दांतून काहीही काढता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, गिरणगावात वाढलेल्या एका लेखिकेचे आत्मकथन आहे. वडील गिरणीत साचेवाले, आई खाणावळ चालवणारी, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर घराची झालेली उलथापालथ हा पुस्तकाचा मध्य. लेखिका पहिल्याच बैठकीत सांगते की मुखपृष्ठावर गिरणीची चिमणी हवी, मागे लालसर आकाश हवे आणि पुढे पाठमोरी उभी असलेली मुलगी हवी. ही मागणी समजण्यासारखी आहे, कारण गिरणगाव म्हटले की सर्वांच्याच डोळ्यांसमोर चिमणी येते. अडचण नेमकी तीच आहे. गिरण्यांवरील कथा, इतिहास, अहवाल, कवितासंग्रह या सगळ्यांवर चिमणी आधीच येऊन गेलेली आहे, आणि दुकानातल्या वाचकाला या पुस्तकात निराळे काय आहे हे तिच्यावरून कळणार नाही.

हीच लेखिका चिमणीचा आग्रह बाजूला ठेवून पुस्तक सांगू लागली तर काय होते पाहा. ती सांगते की कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार आईकडे जेवायला होते. प्रत्येकाचा महिन्याचा हिशेब ती एका वहीत ठेवी. आई शाळेत गेलेली नसल्यामुळे काही नावांऐवजी तिने स्वतःच्या खुणा ठरवलेल्या होत्या. संप लांबत गेला तशी जमेची बाजू रिकामी राहू लागली, तरी जेवणाच्या खुणा चालूच राहिल्या. आणि पुढे एकेक माणूस गावी परतला तसतशा त्या खुणाही थांबल्या. हे ऐकणाऱ्या चित्रकाराला वही सापडते, खुणा सापडतात, रिकामा रकाना सापडतो. मुखपृष्ठावर यातले काय येईल हे तो ठरवील. कदाचित वहीचे एक पान येईल, कदाचित फक्त रेघा आणि एका बाजूला थांबलेल्या खुणा येतील, कदाचित यातले काहीही न येता केवळ रंग आणि अक्षरे येतील. पण जे येईल ते याच पुस्तकाचे असेल.

म्हणून टिपणात प्रसंगांपेक्षा वस्तूंची यादी करावी. पुस्तकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू, पात्रांच्या हातात असणाऱ्या गोष्टी, घराचा पत्रा, भिंतीचा रंग, बसचा नंबर, कोणत्या ऋतूत कथा घडते, कोणत्या बोलीत पात्रे बोलतात, हे सगळे लिहावे. काळ नेमका सांगावा, कारण १९६० च्या आणि १९८० च्या लुगड्यात, चष्म्यात, सायकलीत फरक असतो आणि चाणाक्ष वाचक तो पकडतो. जुनी कौटुंबिक छायाचित्रे, पत्रे, रेशनकार्ड, तिकिटे जवळ असतील तर ती पाहायला द्यावीत. ‘हे मुखपृष्ठावर घ्या’ असे म्हणू नये.

काय नको, तेही टिपणात कारणासह सांगावे. पात्राची जात वा धर्म चित्रातून उघड होऊ नये, एखाद्या समाजाचे चिन्ह शोभेसाठी वापरले जाऊ नये, अत्याचाराची कथा असताना स्त्रीदेह दाखवला जाऊ नये, अशा सूचना लेखकाने स्पष्टपणे द्याव्यात. या बाबतीत चित्रकाराच्या समजावर विसंबून राहणे योग्य नाही. पुस्तकाची नैतिक बाजू लेखकालाच ठाऊक असते. आवडलेल्या तीन आणि न आवडलेल्या तीन मुखपृष्ठांची नावे, प्रत्येकाचे कारण एका वाक्यात, एवढे जोडले की टिपण पुरे होते. शेवटी पुस्तकाचा आकार, अंदाजे पृष्ठसंख्या, बांधणी, शीर्षक, उपशीर्षक आणि लेखकाचे नाव ज्या रूपात छापायचे ते रूप, हे सर्व टंकलिखित द्यावे.

मानधन, हक्क आणि परवानग्या

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण तो असावा. त्यात किती प्राथमिक कल्पना दाखवल्या जातील, किती वेळा बदल करून मिळतील, त्यापुढील बदलांना किती रक्कम पडेल, आगाऊ किती आणि अंतिम फाइल देताना किती, आणि काम मध्येच थांबले तर झालेल्या कामाचे किती, हे लिहिलेले असावे. साधारणपणे दोन ते तीन कल्पना आणि निवडलेल्या कल्पनेवर दोन वेळा दुरुस्ती एवढे पुरेसे असते.

हक्कांचा भाग अनेक जण गृहीत धरतात आणि वाद तेथेच होतात. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या १७ व्या कलमानुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः ती निर्माण करणारी व्यक्ती असते. पैसे देऊन करवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल तर मालकी करवून घेणाऱ्याकडे जाते. आता मुखपृष्ठ म्हणजे चित्र, अक्षरे आणि मांडणी यांचे मिश्रण, त्यामुळे कोणता भाग कोणत्या तरतुदीत बसतो यावर नंतर वाद घालण्यापेक्षा आधीच लिहून घेणे शहाणपणाचे. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. मराठी पुस्तकांचे ई-बुक आज न्यू जर्सीत किंवा दुबईतही विकत घेतले जाते, म्हणून ‘जगभर, सर्व आवृत्त्यांसाठी, छापील, ई-बुक, ध्वनिपुस्तक आणि प्रसिद्धीसाठी’ असे शब्द करारात असावेत. अनुवादाच्या आवृत्तीवर तेच चित्र वापरायचे असेल तर त्याचाही उल्लेख करावा, आणि त्यासाठी वेगळे मानधन मागितले गेले तर ते रास्त आहे.

चित्र कॅनव्हासवर किंवा कागदावर रंगवलेले असेल तर मूळ चित्र चित्रकाराकडे परत जाणार की लेखकाकडे राहणार, हेही आधी ठरवावे. छापण्याचा हक्क आणि मूळ चित्राची मालकी या दोन निराळ्या बाबी आहेत. कायद्याच्या ५७ व्या कलमाने चित्रकाराला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा विशेष अधिकार दिलेला आहे, आणि प्रताधिकार विकल्यानंतरही तो अधिकार टिकतो. त्यामुळे पुढच्या आवृत्तीत परस्पर चित्र उलटे करणे, त्याचा अर्धा भाग कापणे किंवा रंग बदलणे टाळावे.

इंटरनेटवर सापडलेले छायाचित्र ‘फक्त मुखपृष्ठापुरते’ वापरता येत नाही. छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि छायाचित्रात ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिची किंवा कुटुंबीयांची संमती घेणे हे सौजन्यही आहे आणि सावधगिरीही. टंकांचेही (फॉन्टचेही) परवाने असतात. एक टाइप या मुंबईतील संस्थेने केलेल्या ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि ते व्यावसायिक पुस्तकासाठी वापरता येतात. इतर टंकांचा परवाना चित्रकाराकडे आहे का, ते विचारावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र तयार केले असल्यास तेही आधी कळले पाहिजे, कारण अ‍ॅमेझॉनच्या किंडल सेवेवर पुस्तक चढवताना अशा चित्रांची माहिती द्यावी लागते. माझ्या मते ज्या पुस्तकावर लेखकाने काही वर्षे खर्च केली आहेत त्यासाठी माणसाने वाचून केलेले काम मागणे ही अवाजवी अपेक्षा नाही.

अक्षरे

मराठी मुखपृष्ठावर सर्वांत जास्त चुका चित्रात होत नाहीत, अक्षरांत होतात, आणि त्या पकडण्याचे काम लेखकाइतके दुसरे कोणी नीट करू शकत नाही. अनेक चित्रकारांचे शिक्षण आणि सराव रोमन अक्षरांवर झालेला असतो, त्यामुळे रोमन अक्षरांना शोभणारे उपाय ते देवनागरीला लावतात. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून दोन अक्षरांमधले अंतर वाढवले जाते आणि शिरोरेषा तुटते. मग शब्द शब्द राहत नाही, सुटी अक्षरे दिसू लागतात. शिरोरेषा मुद्दाम काढून टाकलेले सुंदर अक्षरांकन मराठीत पुष्कळ आहे, पण तेथे प्रत्येक अक्षराचा आकार त्या दृष्टीने पुन्हा रेखलेला असतो. टंकातील अक्षरे नुसती दूर सारल्याने ते साधत नाही. तसेच शीर्षक दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा, वेलांट्या व अनुस्वार यांची टक्कर होते. ओळींतले अंतर वाढवणे हा सोपा उपाय. कुशल अक्षरकार मात्र त्या टकरीतूनच एखादी सुंदर गुंफण काढतो.

टंक मराठीचा आहे का, हे पाहावे. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे मान्य आहेत, परंतु अनेक टंक आपोआप हिंदी वळणाची रूपे देतात. ज्या टंकात दोन्ही रूपे असतात तेथे मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की योग्य रूप येते. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण शीर्षकातच ‘ल’ किंवा ‘श’ असेल तर ते अक्षर दोन इंच उंचीचे छापले जाणार आहे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांकडे तर विशेष लक्ष द्यावे. जुन्या टंकपद्धतीतून युनिकोडमध्ये मजकूर आणताना ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, आणि डोंगरांवरचे पुस्तक समुद्रावरचे होऊन बसते.

मजकूर चित्रकाराला युनिकोडमध्ये टंकलिखित द्यावा, हाताने लिहून किंवा दूरध्वनीवर सांगून देऊ नये. त्याच्या संगणकावर मांडणीची आज्ञावली देवनागरीसाठी योग्य रीतीने लावलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. अंतिम फाइल करताना अक्षरांचे रूपांतर आकृत्यांमध्ये केले जाते, म्हणजे छापखान्यातील संगणकात तो टंक नसला तरी अक्षरे बदलत नाहीत. मात्र त्यानंतर शब्दांत काही दुरुस्ती करणे अवघड होते, म्हणून मुद्रितशोधन त्याआधी एकदा आणि त्यानंतर पुन्हा एकदा करावे. स्वतःचे नाव, शीर्षक, उपशीर्षक ही तीन ठिकाणे मोठ्याने, अक्षर अक्षर उच्चारून वाचावीत. लहान टंकातील चूक मुद्रितशोधक पकडतो. मोठ्या अक्षरांतली चूक सर्वांच्या नजरेतून निसटते.

शक्य असेल तर शीर्षक हाताने रेखून घेण्याचा विचार करावा. मराठीत ही कला जिवंत आहे, आणि कथासंग्रह, कविता, ललित गद्य यांना रेखलेल्या अक्षरांनी जो स्वर मिळतो तो टंकातून क्वचितच मिळतो. वैचारिक आणि संदर्भग्रंथांना मात्र चांगला, शांत टंक अधिक शोभतो.

कल्पना समोर आल्यावर

पहिल्या कल्पना पाहिल्याबरोबर उत्तर देऊ नये. एक रात्र जाऊ द्यावी. नंतर त्या तीन प्रकारे पाहाव्यात : कागदावर पूर्ण आकारात छापून हातभर अंतरावरून, मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात, कारण ऑनलाइन दुकानात वाचकाला ते तेवढेच दिसणार आहे, आणि रंग काढून कृष्णधवल, कारण वर्तमानपत्रातल्या परीक्षणासोबत ते बहुधा तसेच छापले जाईल. नखाएवढ्या आकारात शीर्षक वाचता आलेच पाहिजे असा नियम काही जण करतात. दीर्घ शीर्षकाबाबत तो अव्यवहार्य आहे, पण त्या आकारातही मुखपृष्ठ इतर पुस्तकांपासून वेगळे ओळखू आले पाहिजे.

प्रतिक्रिया देताना अडचण सांगावी, उपाय चित्रकारावर सोडावा. ‘निळा रंग बदलून हिरवा करा’ असे लिहिले तर हिरवा रंग मिळेल. ‘कथा मे महिन्याच्या उन्हात घडते आणि हे मुखपृष्ठ थंड वाटते’ असे लिहिले तर चित्रकार रंग, प्रकाश, कागदाचा पोत या सगळ्यांचा फेरविचार करील आणि कदाचित निळा तसाच ठेवूनही उन्हाचा भास देईल. ‘काहीतरी कमी आहे’, ‘अजून उठाव हवा’ यांसारख्या वाक्यांतून त्याला काहीच कळत नाही. जे आवडले आहे तेही नेमकेपणाने सांगावे, नाहीतर पुढच्या दुरुस्तीत नेमके तेच निघून जाते.

सर्व सूचना एकाच पत्रात, एकाच व्यक्तीकडून जाव्यात. मुखपृष्ठ मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून मते मागवण्याने हाती गोंधळ येतो, कारण ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही ते फक्त चित्र आवडले की नाही एवढेच सांगू शकतात. ज्यांनी हस्तलिखित वाचले आहे अशा दोघांना दाखवावे, आणि ज्याने मुळीच वाचलेले नाही अशा एकाला ‘हे पुस्तक कशाविषयी असेल?’ एवढेच विचारावे. त्याच्या उत्तरात पुस्तकाचा प्रकारच चुकला, म्हणजे कवितासंग्रह त्याला आरोग्यविषयक पुस्तक वाटला, तर मांडणीत मूलभूत बदल हवा.

चित्रकार एखाद्या गोष्टीवर अडून बसला तर कारण विचारून घ्यावे. शीर्षक लहान का, लेखकाचे नाव खाली का, वरची जागा मोकळी का, या प्रश्नांची त्याच्याकडे बहुधा चांगली उत्तरे असतात. मोकळी जागा भरण्याचा मोह विशेषकरून आवरावा. पुरस्कारांची नावे, प्रस्तावनाकाराचे नाव, मान्यवरांचे अभिप्राय आणि लेखकाच्या मागील पुस्तकांचा उल्लेख मुखपृष्ठावर आला की त्याचे पत्रक होते. हे सगळे मलपृष्ठावर किंवा आत जाऊ शकते. जेथे वस्तुस्थितीची किंवा पुस्तकाच्या भूमिकेची चूक असेल तेथे मात्र लेखकाने माघार घेऊ नये.

मलपृष्ठ, स्पाइन आणि छपाई

मलपृष्ठाचा मजकूर चित्रकाराने जुळवायचा नसतो, तो लेखकाने किंवा संपादकाने लिहून द्यायचा असतो, आणि तो कल्पना मंजूर होण्याच्या सुमारास तयार असावा. शंभर ते सव्वाशे शब्द पुरेत. लेखकाचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवले तर ते आकुंचित होते, म्हणून ईमेलने किंवा दस्तऐवज म्हणून पाठवावे. छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे दोन इंच रुंद छापायच्या छायाचित्राची रुंदी निदान ६०० पिक्सेल हवी. साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पुस्तकाचे पूर्ण मुखपृष्ठ व्यापणारे चित्र असेल तर १६५० बाय २५५० पिक्सेल, आणि कडांना कापण्यासाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आधी मिळवून ठेवावा. भारतात तो राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि छापील पुस्तक व ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मलपृष्ठावरचा तेरा अंकी क्रमांक श्रेयपानावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. बारकोड फिकट पार्श्वभूमीवर गडद रेघांचा असावा. रंगसंगतीसाठी तो लाल करून दिला तर यंत्राला वाचता येत नाही, कारण दुकानातील बहुतेक वाचकयंत्रे लाल प्रकाशावर चालतात.

स्पाइनची, म्हणजे कपाटात उभ्या ठेवलेल्या पुस्तकाच्या दिसणाऱ्या कण्याची, रुंदी हा शेवटच्या क्षणी घोटाळा करणारा भाग आहे. समजा, कागदाचे एक पान ०.१ मिलिमीटर जाड आहे आणि पुस्तक २४० पृष्ठांचे, म्हणजे १२० पानांचे आहे. तर स्पाइन १२ मिलिमीटर होईल. छापखान्याने ऐनवेळी ०.१२ मिलिमीटरचा कागद घेतला तर तीच १४.४ मिलिमीटर होते, आणि स्पाइनवरची अक्षरे मध्यभाग सोडून एका कडेला सरकतात. म्हणून पृष्ठसंख्या आणि कागद पक्का झाल्यावर छापखान्याकडून कोऱ्या कागदांची डमी बांधून घ्यावी आणि ती मोजून चित्रकाराला आकडा द्यावा. स्पाइनवरचे शीर्षक वरून खाली वाचले जावे, म्हणजे पुस्तक मुखपृष्ठ वर करून मेजावर ठेवले असता ते सुलटे दिसते. जागा वाचवण्यासाठी देवनागरी अक्षरे एकाखाली एक रचण्याचा प्रकार करू नये; शिरोरेषा आणि जोडाक्षरे दोन्ही मोडतात. फार सडपातळ पुस्तकाच्या स्पाइनवर काहीच न छापणे अधिक बरे.

पडद्यावर दिसणारा भडक केशरी किंवा पोपटी रंग चार रंगांच्या छपाईत तसा येत नाही, आणि मॅट लॅमिनेशनने, म्हणजे वर चढवलेल्या बिनचमकीच्या पातळ थराने, रंग आणखी थोडे दबतात. गडद काळ्या मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन केले तर हाताळताना ओरखडे दिसू लागतात, हे चित्रकाराशी आणि मुद्रकाशी आधीच बोलून घ्यावे. छपाईपूर्वी रंगीत नमुना मागवून तो दिवसाच्या उजेडात पाहावा, कडेने कापून त्याच आकाराच्या पुस्तकाला गुंडाळावा आणि कपाटात इतर पुस्तकांमध्ये ठेवून बघावा. शीर्षकावर स्पॉट यूव्ही (ठरावीक भागापुरता चकचकीत थर) किंवा उठावाची छपाई करायची असेल तर चित्रकाराने त्यासाठी वेगळा थर करून द्यावा लागतो. मराठी अक्षरांच्या बारीक वळणांवर उठाव नीट बसत नाही, त्यामुळे जाड अक्षरांसाठीच त्याचा विचार करावा. ई-बुकसाठी वेगळी फाइल मागून घ्यावी : फक्त मुखपृष्ठ, किंडलच्या शिफारशीप्रमाणे १६०० बाय २५६० पिक्सेल.

पुस्तक छापून आले की चित्रकाराला प्रती पाठवाव्यात, राहिलेले मानधन त्याच वेळी द्यावे, आणि समाजमाध्यमांवर मुखपृष्ठ जाहीर करताना त्याचे नाव लिहावे. त्याच्याकडून अंतिम पीडीएफ, संपादन करता येईल अशी मूळ फाइल (करारात ठरले असल्यास), टंकांची नावे आणि रंगांचे आकडे घेऊन दोन ठिकाणी जपून ठेवावेत. दुसऱ्या आवृत्तीत किंमत बदलते, मलपृष्ठावर परीक्षणातले एखादे वाक्य घालावेसे वाटते, आणि कागद बदलला तर स्पाइनही पुन्हा मोजावी लागते. तेव्हा आवृत्तीच्या कामाला लागण्यापूर्वी चित्रकाराला कळवावे आणि या बदलांची रक्कम ठरवून घ्यावी.